लहानांचा दवाखाना की मोठ्यांचा? मुलाच्या कीटो आहारासाठीची वणवण

नीट निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट येतच राहिल्या, तर तो अपस्मार औषधांना न जुमानणारा धरतात. माझ्या सतरा वर्षांच्या मुलाचे तसेच झाले आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी कीटो आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अगदी कमी कर्बोदके असलेला आहार, सुचवला. शरीरात स्निग्ध पदार्थ वापरले जाण्यात जन्मजात दोष तर नाही ना, हे पाहणारी रक्तचाचणी, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी विनासायास झाली.

अडले ते आहाराचा तक्ता मिळवताना. परभणीहून पहाटेची गाडी धरून संभाजीनगरला जावे, तर बालरोग विभागातील आहारतज्ज्ञ म्हणत, "हा आमच्या वयात बसत नाही," आणि मोठ्यांच्या विभागात ऐकावे लागे, "कीटो तर लहान मुलांना देतात." एकदा तर हाती मधुमेहाचा छापील तक्ता पडला, ज्यात सकाळीच दोन भाकरी होत्या! अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्रौढांच्या अपस्मारासाठी आहाराचे स्वतंत्र केंद्र २०१० पासून आहे, हे मी त्या टेबलासमोर सांगितले, तेव्हा "मग तिकडेच जा" एवढेच उत्तर मिळाले. तो राग अजून गेलेला नाही. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी चिठ्ठीवर 'सुधारित अ‍ॅटकिन्स आहार, कर्बोदके दिवसाला २० ग्रॅम' असे (हा कीटोचाच थोडा सैल प्रकार) स्पष्ट लिहून दिले आणि ज्या टेबलाने परत पाठवले होते, त्याच टेबलावर तक्ता तयार झाला. म्हणून ही मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून मागावी.

ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतच ३० ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात, त्यामुळे भाकरी सुटली. अंडी, पनीर, मेथी आणि भरपूर तेल आले, शेंगदाण्याची चटणी मात्र वजनकाट्यावर मोजून. पाहुण्यांची हळहळ मनावर घेऊ नये. लघवीतील कीटोन (चरबी जळताना शरीरात तयार होणारे पदार्थ) पट्टीने तपासावेत, पाणी भरपूर द्यावे, कारण मुतखड्याचा धोका असतो, आणि गुण येतो की नाही हे ठरवायला तीन महिने तरी द्यावेत. आमच्याकडे फिट थांबल्या नाहीत, पण बऱ्याच विरळ झाल्या. गोळ्या चालूच आहेत.

एक राहिलेच: खोकल्याच्या गोड सिरपातही साखर असते, तेव्हा गोळीच मागावी, आणि कधी भरती व्हावे लागले तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी या आहाराची चिठ्ठी दाखवावी.