मिरचीची रोपे वावरात केव्हा न्यावीत : माझा अनुभव

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र आमच्या वावरात तिचे सारे भवितव्य रोप जाळीखालून बाहेर काढण्याच्या त्या आठ-दहा दिवसांवर ठरते, असे माझे ठाम मत आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) भरलेल्या ट्रेमध्ये बी टाकून रोपे हिरव्या जाळीखाली वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. सावलीत वाढलेले रोप दिसायला तजेलदार असले, तरी ते लुसलुशीत आणि पाण्याला सोकावलेले असते.

बाबांचा भर मृग नक्षत्रावर, म्हणजे ७-८ जूनवर. परंतु मोसमी पाऊस विदर्भात साधारणपणे जूनच्या मध्याला पोहोचतो आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर बरेचदा अशी उघडीप पडते, की कोवळे रोप दोन दुपारीसुद्धा तग धरत नाही. म्हणून यंदा मी पंचांगाऐवजी रोपाकडे पाहून निर्णय घेतला.

रोपे ३५ ते ४० दिवसांची झाली, तेव्हा एका कप्प्यातून रोप अलगद उपसून पाहिले. पांढऱ्या मुळ्यांनी कोकोपीट चारही बाजूंनी असे आवळून धरले होते, की गड्डी हातात घेऊन हलवली तरी भुगा सांडला नाही. मग युरियाचे पाणी बंद केले, साधे पाणीही कमी केले आणि जाळी आधी फक्त सकाळी, नंतर दुपारपर्यंत, शेवटी दिवसभर काढून ठेवली. पहिल्या दिवसांत दुपारी पाने मलूल होत, पण सूर्य कलला की ती आपसूक सावरत. संध्याकाळीही माना टाकलेल्या रोपांना तेवढे पाणी दिले. हळूहळू पानांचा रंग गडद झाला, देठ टणक झाले. जाळी निघाली की फुलकिडे येतात आणि त्यांच्यामागे चुरडा-मुरडा, म्हणजे पाने आखडण्याचा रोग, त्यामुळे ट्रेजवळ निळे चिकट सापळे लावले होते.

रोप तयार झाले, तरी जमीन तयार हवी. आमची काळी माती पावसानंतर चिखल धरते आणि अशा चिखलात लावलेल्या रोपांची मुळे गुदमरतात. मूठभर मातीचा गोळा करून तो खाली टाकला असता फुटला, तेव्हाच वाफसा, म्हणजे लावणीजोगा बेताचा ओलावा, आला असे मी मानले आणि आभाळ भरलेल्या दिवशी, दुपारी चारनंतर, वरंब्यावर लावणी केली.

थोडी रोपे मुद्दाम ट्रेमध्येच उघड्यावर राखून ठेवली होती. आठवड्याभरात जिथे रोपे मरून नांगे (रिकाम्या जागा) पडले, तिथे तीच लावली. वयाने सारखी आणि उन्हाला सरावलेली असल्याने ती बाकीच्या रोपांच्या मागे पडली नाहीत.