मलावीतील पाळक-प्रशिक्षण: पुढे जाणाऱ्यांसाठी काही नोंदी

आफ्रिकेतील मलावी देशाच्या देडझा जिल्ह्यात ग्रामीण पाळकांच्या (ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या) प्रशिक्षणवर्गात शिकवण्यासाठी आम्ही जुलै महिन्यात गेलो होतो. महिना यजमान मंडळीने (म्हणजे तेथील चर्चने) ठरवला होता आणि तो योग्यच होता. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो, तेव्हा कच्च्या रस्त्यांचा भरवसा नसतो. शिवाय अनेक पाळक स्वतः मक्याची शेती करीत असल्याने पीक घरात आल्याखेरीज त्यांना बाहेर पडता येत नाही. देडझा उंचावर असल्यामुळे जुलैच्या रात्री चांगल्याच गार असतात, म्हणून लोकरी कपडे अवश्य न्यावेत.

येथील प्रेस्बिटेरियन (वडीलजनांच्या कारभाराने चालणारी प्रॉटेस्टंट) मंडळी १९२४ साली लिव्हिंगस्टोनिया व ब्लँटायर येथील मंडळ्यांच्या एकीकरणातून उभी राहिली आणि १९२६ साली न्खोमाची मंडळी तिला येऊन मिळाली. आज एकेका पाळकाकडे अनेक प्रार्थनागृहे असतात. साहजिकच बहुतेक रविवारी उपदेश वडीलजन (मंडळीने निवडलेले जबाबदार सभासद) करतात, आणि केवळ पाळकांना शिकवून भागत नाही. सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण-विद्यालयात) शिकलेले लोक गावाकडे परतत नाहीत, या अनुभवातून मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ साली शिक्षणच गावोगाव नेण्यास आरंभ केला. देडझात त्या निर्णयाचे शहाणपण पुरते पटते.

शिकवणे चिचेवा या स्थानिक भाषेच्या दुभाष्यामार्फत चालते, त्यामुळे तासाभराच्या पाठात अर्ध्या तासाचाच मजकूर मावतो. दुभाष्याला टिपणे आदल्या दिवशी द्यावीत. बायबलमधील एकच पत्र, उदाहरणार्थ पौलाने तीताला लिहिलेले, सावकाश वाचावे आणि दुपारचा वेळ प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा, कारण चेटूक, वारसाहक्क, समृद्धीची आश्वासने देणारे उपदेशक हे विषय तेव्हाच निघतात व खरे शिक्षण (माझ्या मते) तेथेच होते. गावात मृत्यू झाल्यास वर्ग थांबतो आणि सारे अंत्यविधीला जातात, आपणही जावे.

प्रवासखर्चाची भरपाई किती व कोणी द्यायची हे यजमानांशी आधीच ठरवावे, आणि कोणाही एका पाळकाच्या हाती परस्पर पैसे देऊ नयेत, कारण त्यातून मंडळीत हेवेदावे वाढतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. भारतात परतताना तिचा दाखला मागितला जाऊ शकतो. पुढच्या वर्गाची तारीख निघण्यापूर्वीच यजमानांकडून ठरवून घ्यावी आणि शक्यतो त्याच शिक्षकांनी परत जावे.