हुकेराचा वाफा, न्यू जर्सी: मार्च ते सप्टेंबर

मार्चअखेर. बर्फ वितळला की कोरल बेल्सच्या, म्हणजे हुकेरा या शोभेच्या पानांच्या झाडाच्या, रोपांचं क्राउन (मुळं आणि पानं जिथे जुळतात तो भाग) आधी बघायचं. थंडीत जमीन रात्री गोठते, दिवसा सुटते आणि उथळ मुळांचं रोप दर खेपेला थोडं वर ढकललं जातं. ‘पॅलेस पर्पल’ या वाणाची रोपं यंदा तशीच वर आलीत: तपकिरी, लाकडासारखा बुंधा बोटभर उघडा आणि टोकाला पानांचा झुबका. पायाने दाबून बसवलं तर मुळं तुटतात. खुरप्याने उचलून, खड्डा खोल करून, क्राउन मातीच्या पातळीला येईल अशी पुन्हा लावली. त्याहून खोल गेलं की कोंब कुजतात. कंपोस्ट मुळांभोवती घालावं, क्राउनवर नाही. फाटकी पानं आत्ता कापायची. शरदात कापली तर कोंब थंडीत उघडे पडतात.

एप्रिल. विभागणी. तीन-चार वर्षांत रोप मधोमध पोकळ होतं आणि पानं लहान येऊ लागतात. उपटून धारदार सुरीने तुकडे केले, प्रत्येकाला मुळं आणि निदान एक कोंब ठेवून. अंतर ३० ते ४५ सेंमी. मुळं नसलेला तुकडाही टाकू नये: खालची पानं काढून परलाइटच्या (हलक्या, पांढऱ्या खनिज कणांच्या) मिश्रणात खोवून सावलीत ओलसर ठेवला की बहुतेक वेळा मुळं धरतो.

जुलै. पोपटी पानांच्या ‘सिट्रोनेल’ वाणाच्या कडा दुपारच्या उन्हात कागदासारख्या करपल्या. तिला सकाळचंच ऊन हवं. शेजारची ‘कॅरमेल’ मात्र टवटवीत आहे. तिच्यात व्हिलोसा या जातीचं रक्त आहे. ही जात अमेरिकेच्या आग्नेय भागातली, उकाडा आणि दमटपणा सोसणारी. इथल्या हवेसाठी पहिलं रोप घ्यायचं तर व्हिलोसाचा संकरच घ्यावा. लाल फुलांची सँग्विनिया ही दुसरी जात ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या डोंगरांतली. हमिंगबर्ड तिच्यावर हमखास येतात, पण चिकण मातीत पाणी साचलं की ती टिकत नाही. तिला उंचवट्यावर, खडी मिसळलेल्या मातीतच जागा द्यावी.

सप्टेंबर. पाणी असूनही एखाद्या रोपाने मान टाकली तर हलकेच ओढून बघा. मुळांशिवाय हातात आलं तर काम व्हाइन वीव्हिल या भुंग्याच्या अळ्यांचं: पांढऱ्या, वाकड्या, बिनपायांच्या, तपकिरी डोक्याच्या. पानांच्या कडेला अर्धगोल चावे दिसतात तेव्हाच भुंगे आलेले असतात. उपाय म्हणजे उपकारक सूत्रकृमी (अळ्या मारणारे सूक्ष्म जंत) पाण्यात मिसळून संध्याकाळी ओल्या मातीत ओतणे. हेटेरोऱ्हॅब्डायटिस या सूत्रकृमींसाठी माती १५ अंश सेल्सिअसच्या वर हवी, म्हणून हे ऑक्टोबरवर ढकलू नये. वाचलेल्या बुंध्याची माती धुऊन, कुजका भाग कापून, परलाइटमध्ये लावला तर रोप पुन्हा उभं राहू शकतं.