वरचे चार दात

पहिल्या दिवशी त्या मुलीनं तोंड उघडलंच नाही. वय तीन वर्षं चार महिने, वजन 13 किलो, आणि वरचा ओठ दाताखाली दाबून धरायची सवय. आजोबा, आई आणि आईच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ, अशी सगळी मंडळी तासगावकडून एसटीनं सांगलीला आली होती. बेदाण्याचा हंगाम चालू होता. आजोबांच्या सदऱ्याला शेडचा वास होता.

शेवटी आईला माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसवलं, मुलीला तिच्या मांडीवर आडवं केलं आणि डोकं माझ्या मांडीवर घेतलं. ती रडली. रडणारं मूल तोंड उघडतं, त्यामुळे आमच्या धंद्यात रडण्याला घाबरून चालत नाही. वरचे मधले दोन दात निम्मे झिजलेले, हिरडीजवळ काळेकुट्ट. त्यांच्या बाजूचे दोन तपकिरी, नखानं पोपडे निघतील असे. खालचे चार मात्र स्वच्छ पांढरे.

हे चित्र दिसलं की मला पुढचं विचारावंसंही वाटत नाही, पण विचारावं लागतं.

"बाटली?"

"नाही हो डॉक्टर, कधीच सोडली," आई म्हणाली.

"बेदाण्यानं झालं असंल," आजोबा म्हणाले. "दिवसभर शेडवर असती, मूठ मूठ खाती."

बेदाणा दाढांना चिकटतो, दाढा बिघडवतो. वरचे पुढचे दात किडलेले आणि खालचे शाबूत, हे काम बहुतेक वेळा रात्रीच्या बाटलीचं असतं. चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरते, त्यांना झाकून टाकते. वरच्या दातांभोवती मात्र गोड दूध साचून राहतं. झोपेत लाळही कमी सुटते, म्हणजे धुऊन काढायला कुणी नाही. मी हे सांगत होते तेवढ्यात मुलगी आईच्या खांद्याआडून बोलली, "आबा देतात. साखल घालून."

आबा पंख्याकडे बघायला लागले.

"धाकटं झाल्यापासनं माझ्यापशी झोपती," थोड्या वेळानं ते म्हणाले. "रात्री उठून आईला हाका मारती. बाटली दिली की गप. मग काय करू, सांगा की."

मी काय सांगणार होते? पाच महिन्यांचं बाळ कुशीत घेतलेल्या सुनेची झोप मोडू नये म्हणून रात्री दोनदा उठणारा सासरा मी तरी फार पाहिलेला नाही.

"आणि दुधाचंच दात हायत, पडणारच की," ते पुढे म्हणाले. पडणारच, पण सातव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे अजून साडेतीन-चार वर्षं. एक्स-रेमध्ये मधल्या दोन दातांची कीड नसेपर्यंत गेलेली दिसली. काढून टाकणं सोपं होतं. चांदी असलेलं एक औषध लावून कीड जागच्या जागी थांबवता आली असती, पण त्यानं किडलेला भाग कायमचा काळा पडतो, शिवाय नसेपर्यंत पोचलेल्या दाताला त्याचा उपयोग नाही. झिर्कोनियाच्या तयार पांढऱ्या टोप्या मजबूत, पण महाग, आणि त्यासाठी दात जास्त घासावा लागतो. आबांनी स्टीलची टोपी सुचवली. दाढेला मी तीच बसवते, पुढच्या दाताला नाही. "आमच्या आत्तीचा तर सोन्याचा होता," ते म्हणाले. शेवटी पारदर्शक साच्यात दाताच्या रंगाचं कंपोझिट (लाइट मारला की घट्ट होणारा लगदा) भरून दात उभा करायचा, असं ठरलं.

ठरलं खरं, पण त्या आठवड्यात ते जमलं नाही. मधल्या दोन दातांच्या नसांचं काम झालं. वजन बघून भुलीचं औषध मोजलं, आधी स्ट्रॉबेरीच्या वासाचं जेल लावलं, सुईला 'दाताला झोपवायचं पाणी' म्हटलं. कीड म्हणजे किडा नव्हे, हे मला माहीत आहे. तरी 'किडा पळवूया' म्हणते, कारण तीन वर्षांच्या पोराला जंतूंपेक्षा किडा पटकन समजतो. मुळांत पिवळी पेस्ट भरली, आयोडोफॉर्मची, हळदीसारखी दिसते. दुधाच्या दाताचं मूळ पुढे आपोआप विरघळतं, म्हणून आत भरलेलंही विरघळणारंच लागतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हिरडी इतकी सुजलेली की नुसता कापूस लागला तरी रक्त. कंपोझिटला रक्त चालत नाही, लाळही चालत नाही. ओल्या भिंतीवर रंग मारावा तसं, आज छान दिसतं आणि महिन्यात सुटतं. दहा मिनिटं दाबून धरलं, पण थांबेना. तात्पुरतं सिमेंट भरलं आणि घरी पाठवलं.

पाठवताना आबांना बाजूला घेतलं. रोज रात्री दुधात थोडं थोडं पाणी वाढवायचं, साखर बंद, शेवटी बाटलीत नुसतं पाणी. ब्रश तिच्या हातात न देता मोठ्या माणसानं करायचा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन, हिरडीवरूनही. ते मान डोलावत होते. मान डोलावणारे पुष्कळ बघितलेत मी.

पंधरा दिवसांनी आले तेव्हा मी पहिल्यांदा हिरडी बघितली. गुलाबी होती. कापूस फिरवला, पांढराच परत आला.

"चार रात्री रडली," आबा म्हणाले. "पाचव्या रात्री पाणी बघून बाटली फेकून मारली. ही बघा," आणि कपाळ दाखवलं.

खरं काम त्या दिवशी माझं नव्हतंच.

माझं काम चाळीस मिनिटांचं. परत भूल, लाळ लागू नये म्हणून दातांना रबरचा 'रेनकोट', कीड साफ, दात थोडे घासून आकारात. साचे नखाएवढे, कात्रीनं कापून बसवून बघायचे, कोपऱ्यात टाचणीनं एक भोक पाडायचं म्हणजे हवा आणि जास्तीचं कंपोझिट बाहेर येतं. पहिल्याच साच्याला मी भोक पाडायला विसरले. इतकी वर्षं करतेय, तरी. लाइट मारून साचा सोलला तर दाताच्या मधोमध बुडबुडा. सगळं खरवडून काढलं, परत केलं. तोवर मुलीचा धीर संपत आला होता. सहायक ताईंनी तिला आगगाडीचं गाणं तीनदा म्हणून दाखवलं. चौथा साचा सोलला तेव्हा माझ्या पाठीला रग लागली होती.

आरसा दिला. ती हसली वगैरे नाही. जीभ चारही दातांवरून फिरवली, परत फिरवली, मग आरसा आबांच्या तोंडासमोर धरला. आबांच्या तोंडात समोरचा एक दात नव्हता. "आबाला पन कल," ती मला म्हणाली.

दहा दिवसांनी आबा एकटेच आले. खिशातून काडेपेटी काढली, तिच्यात कापूस, आणि कापसात डावीकडच्या दाताचा कोपरा.

"ऊस," ते म्हणाले. "बांधावरचा. मीच सोलून दिला."

मुलीला घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे, परत भरता येईल, असं सांगितलं. त्यांनी काडेपेटी काळजीपूर्वक खिशात ठेवली. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"डॉक्टर, बारीक तुकडं करून दिलं तर?"

"दाढेनं खायला सांगा. आणि वर पाणी प्यायला लावा."

"व्हय," म्हणाले, आणि तासगावची गाडी गाठायला निघाले.