डाउनस्ट्रीम

निपाणीत बॉन्ड रायटर म्हणून बसतो. पक्षकार मराठीत बोलणार, अर्ज कन्नडात जाणार, आणि खात्याचा आदेश कधी कधी इंग्रजीत येणार. या तिन्हीच्या मधे मी.

तात्या माझे पक्षकार. त्यांना खात्याकडून आलेल्या आदेशात कामाची एकच ओळ होती: वेदगंगेवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याजवळची मोटर २०० मीटर ‘डाउनस्ट्रीम’ला हलवा. मी कन्नडात ‘केळगडे’, मराठीत ‘खालच्या बाजूस’ लिहून मोकळा झालो.

सोबतचा नकाशा कारकुनानं काढला, उत्तर वर धरून. शाळेतलं तेवढंच लक्षात राहिलेलं असतं. वेदगंगा भुदरगडातून येते, आमच्याकडं ईशान्येला सरकत भोजजवळ दूधगंगेला मिळते. म्हणजे कागदावर पाणी खालून वर चढतं. साहेबांनी ‘खालच्या बाजूस’ वाचलं आणि बंधाऱ्याच्या दक्षिणेला फुली मारली. नेमकी अपस्ट्रीम, पाणी येतं तिकडची.

यात फरक केवढा, ते बंधारा बघितल्याशिवाय कळत नाही. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, पाणी वरच्या अंगाला तुंबतं. खालच्या अंगाला उन्हाळ्यात गोटे दिसतात. तात्यांची मोटर फुलीमुळं भरल्या पाण्यावरच राहिली. खड्डा काढला, पाइप पुरली, आणि मग इंजिनिअर जागेवर आला.

तात्या कागद घेऊन माझ्यासमोर उभे.

“तात्या, जन्म नदीवर गेला तुमचा. तुम्हाला कळलं नाही?”

“कळलं की ओ. पाणी जातंय तिकडं खालतं, हे पोराटोरास्नी म्हाईत. पर कागद आमच्या बाजूनं बोलायलाय म्हटल्यावर आपण कशाला तोंड उघडायचं?”

यावर काय बोलणार! माझा शब्द चुकला नव्हता. नदीकाठचा कुठलाही माणूस ‘खालतं’ म्हणजे तेच समजतो. पण कागद नदीकाठी वाचला जात नाही, टेबलावर वाचला जातो, हे वीस वर्षं या धंद्यात काढून मला सुचायला हवं होतं. गंमत म्हणजे त्याच आदेशातला ‘उजवा काठ’ कुणी चुकवला नाही. तोही पाणी जातं तिकडं तोंड करूनच ठरतो.

नव्या अर्जात ‘पाणी वाहत जातं त्या अंगाला’ असं लांबलचक लिहिलं, नकाशात पात्रावर लाल शाईनं बाण काढला. चार दिवसांनी कागद परत आला. शेरा होता: नकाशावर खाडाखोड चालणार नाही.