बाबा सुट्टीवर आले तर?

फाईलमध्ये तीन टी.सी. होत्या. पठाणकोट, जोधपूर, सिकंदराबाद. चौथी शाळा आमची, पुण्यात घोरपडीच्या बाजूची. मुलगा पाचवीत. त्याची आई समोर बसली आणि पिशवीतून फाईल काढतानाच म्हणाली, "मॅडम, आता परत बदली झाली की पाचवी शाळा. ह्याला कुठंतरी एका जागी ठेवायचाच आहे."

मी शाळेत समुपदेशक आहे. आमच्याकडे फौजी घरांतली मुलं भरपूर, त्यामुळे थंडी सुरू झाली की 'होस्टेलला घालू का' हे विचारायला आया येतातच. त्या दिवशीच्या बाई कोरेगाव तालुक्यातल्या. नवरा हवालदार, पोस्टिंग फील्डला, जिथे कुटुंब नेता येत नाही. बाई दोन मुलांना घेऊन इथे क्वार्टरमध्ये राहतात.

त्यांचा अभ्यास चांगला होता. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची, देशातली पहिली, हे त्यांना माहेरपासून पाठ. बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी शाळा ठाऊक होती, कारण नवरा मराठा रेजिमेंटचा आणि बेळगाव म्हणजे त्यांचं सेंटर. पण काही समज दुरुस्त करावे लागले. सैनिक शाळेत फौजींच्या मुलांना राखीव जागा आहेत म्हणजे प्रवेश पक्का, असं त्यांनी धरलं होतं. तसं नाही. ६७ टक्के जागा त्या राज्याच्या मुलांना, ३३ टक्के बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना. जातीनिहाय आरक्षण वजा करून ज्या उरतात, त्यांतल्या २५ टक्के फौजी आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी. म्हणजे डोमिसाईलचा दाखला आधी हवा, आणि तो त्यांनी काढलाच नव्हता. बेळगावसारख्या मिलिटरी शाळांमध्ये मात्र ७० टक्के जागा जवान आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे हुद्द्यांच्या) मुलांना असतात. त्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी. दोन्हीकडे अर्ज करा, म्हटलं.

पुण्याजवळची एक खाजगी निवासी शाळाही त्यांच्या डोक्यात होती. "तीस किलोमीटर आहे, रविवारी भेटून येता येईल." त्यात वावगं काही नाही, पण होस्टेलच्या खर्चापोटी सरकार जी सबसिडी देतं (जानेवारी २०२४पासून महिन्याला जास्तीत जास्त ८४३७ रुपये ५० पैसे), तिला घरापासून किमान ५० किलोमीटरची अट आहे. हवालदाराच्या घरात ही रक्कम लहान नसते. युनिटच्या क्लार्ककडून खात्री करून घ्या, असं सांगितलं.

एवढ्या वेळात मुलगा एक शब्द बोलला नव्हता. मी त्याला कागद दिला आणि झोपतोस ती खोली काढ, म्हटलं. लहान मुलांना मी नेहमी हेच काढायला सांगते. त्याने पलंग काढला नाही, खिडकी काढली नाही. कागदाच्या मधोमध एक भलीमोठी पेटी काढली आणि खाली लिहिलं, 'बाबांची काली पेटी'. फौजी घरात ही पेटी असतेच. पत्र्याची, काळी, वर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, युनिट. घर बदलतं, पेटी तीच राहते.

'काली' वाचून आई ओशाळली. "बोलतो चांगलं मराठी, पण तिकडं सगळं हिंदीतच शिकला. ळ येतच नाही लिहायला." यात ओशाळण्यासारखं काही नव्हतं, उलट कामाची गोष्ट कळली. सहावीची सैनिक शाळेची परीक्षा मराठीतूनही देता येते आणि अर्जात मराठी भरायचं त्यांनी ठरवलं होतं. ३०० गुणांच्या पेपरात १५० गुण गणिताचे. पोराचं गणित उत्तम. शाब्दिक उदाहरण वाचण्यातच त्याची अडीच तासांची परीक्षा खर्ची पडली असती. माध्यम बदललं.

साडेबाराच्या सुमाराला वडिलांचा फोन आला. आवाज तुटत होता. निकाल, पुढे एनडीएतला (लष्करी प्रबोधिनीतला) प्रवेश, फी यांबद्दल ते विचारतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी एकच विचारलं, "मॅडम, मी सुट्टीवर आलो तर तो घरी येऊ शकेल का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, पण सगळे एकदम मे महिन्यात जाऊ शकत नाहीत. युनिटमध्ये पाळी लागते. कुणाची सुट्टी पावसात, कुणाची ऐन सहामाहीत. मूल होस्टेलला आणि बाप घरी, असं वर्षानुवर्षं होऊ शकतं. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण काही वर्षांपूर्वी याच खुर्चीवरून मी एका मुलाला केवळ निकाल बघून एका निवासी शाळेचं नाव सुचवलं होतं. तीन महिन्यांत तो परत आला. वडील वर्षभराने घरी आले होते आणि शाळेने त्याला दोन तासांच्या भेटीपलीकडे सोडलं नव्हतं. ते मूल माझ्या मनातून गेलेलं नाही. माहितीपत्रकात घोडेस्वारी असते, पोहण्याचा तलाव असतो. ही गोष्ट कुठेच नसते, आणि आईबापही विचारत नाहीत, कारण आधी प्रवेश मिळू दे म्हणून सगळे दबून असतात. दबू नये. मूल त्यांचं आहे.

आम्ही वहीचं पान फाडलं आणि लिहायला घेतलं. वडिलांच्या रजेचं पत्र दाखवलं तर मुलाला किती दिवस सोडता? फोन आठवड्यातून किती वेळा, आणि वडिलांचा फोन भलत्या वेळी आला तर? रात्री मुलांजवळ कोण असतं? आजारी पडला तर कोणाला कळवता, आईला की सातारच्या आजोबांना? तब्येतीचं विचारताना बाई थांबल्या, मग म्हणाल्या, "अजून कधीतरी अंथरूण ओलं करतो. तेही लिहा." ते लिहिलं, आणि कुणालाही न सांगता हाऊस मास्तरांशी एकटं बोला, असं शेजारी लिहिलं.

रविवारी त्या साताऱ्याला जाऊन प्रत्यक्ष बघणार होत्या. मुलाला बरोबर न्या, म्हटलं. त्याला झोपायची जागा, जेवणघर दाखवा. चाचणी म्हणून नव्हे, त्याला बघू दे म्हणून.

निघताना मुलाने पान मागितलं. पेन्सिल घेऊन उभ्याउभ्याच खाली एक ओळ लिहिली आणि आईकडे दिली.

'बाबा आले की मला कसं कलेल?'

बाईंनी पानाची घडी घातली आणि डोमिसाईलच्या अर्जावर ठेवली.