तुम्ही विचारलंत म्हणून: हेडसेटच्या डोंगलचं फर्मवेअर अपडेट करायचं का?

"सॉफ्टवेअर सारखं सांगतंय की डोंगलचं फर्मवेअर जुनं झालंय. अपडेट करू का? आणि मध्येच काही बिनसलं तर डोंगल बाद होईल का?" दिवसभर हेडसेट लावून कॉल घेणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायची छोटी कांडी, जिच्यामार्फत हेडसेट बिनतारी जोडला जातो; फर्मवेअर म्हणजे तिच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्राम. उत्तर आहे: करा, पण आधी तुमच्या हातातला डोंगल कोणत्या जातीचा आहे ते बघा. कारण बाजारात डोंगल म्हणून मिळणाऱ्या निम्म्या वस्तूंना या प्रश्नाशी काही देणंघेणंच नसतं.

साधा ब्लूटूथ डोंगल म्हणजे फक्त रेडिओ. तो लावला की कॉम्प्युटरला ब्लूटूथ येतं. जोडणी, आवाज, माइक हे सगळं विंडोज सांभाळतं. दुसरी जात आहे हेडसेटसोबत येणाऱ्या डोंगलची: जाब्राचा लिंक ३८०, पॉलीचा बीटी७०० असे. यांच्या आतच ब्लूटूथचा सगळा कारभार चालतो. कॉम्प्युटरला तो डोंगल ब्लूटूथ म्हणून दिसतच नाही, यूएसबीवर लावलेलं साउंड कार्ड म्हणून दिसतो. ओळखायची सोपी खूण अशी: विंडोजमधलं ब्लूटूथ बंद करा. तरीही हेडसेटमधून आवाज येत राहिला, तर तुमचा डोंगल दुसऱ्या जातीचा. शिवाय साउंड सेटिंगच्या यादीत हेडसेटचं नाव न दिसता डोंगलचं नाव दिसतं.

साध्या डोंगलचं आधी उरकून टाकू. यात सर्रास आढळणाऱ्या चिप दोन. सीएसआर ८५१० ही जुनी, ब्लूटूथ ४.० ची. तिच्या नकला इतक्या झाल्या की लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, नकली सीएसआरसाठी वेगळी तजवीज करावी लागली. दुसरी रिअलटेकची आरटीएल ८७६१बी, ब्लूटूथ ५ ची. या रिअलटेकचं फर्मवेअर डोंगलमध्ये कायमचं साठवलेलं नसतं. डोंगल लावला की दर वेळी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर, ते कॉम्प्युटरच्या डिस्कवरून उचलून चिपमध्ये भरतो. म्हणजे इथे फर्मवेअर अपडेट करणं म्हणजे ड्रायव्हर अपडेट करणं. विंडोज अपडेटमधून किंवा डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, बसवा, डोंगल काढून परत लावा. झालं. लिनक्सवर तीच फाइल लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजमधून येते, त्यामुळे ते पॅकेज जुनं राहिलं की डोंगल यादीत दिसतो पण चालत नाही.

चिप खरोखर ब्लूटूथच्या कोणत्या आवृत्तीची आहे ते बघायचं असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅब उघडा. तिथे फर्मवेअरच्या ओळीत एलएमपी असं लिहून एक आकडा असतो. ६ म्हणजे ब्लूटूथ ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०, १० म्हणजे ५.१, ११ म्हणजे ५.२, १२ म्हणजे ५.३. खोक्यावर ५.३ छापलंय आणि तिथे ६ दिसतोय, तर खोकं खोटं बोलतंय. जुन्या चिपची नवी चिप कोणतंही अपडेट करू शकत नाही. आणखी एक: लॅपटॉपमध्ये आधीच ब्लूटूथ असेल आणि वर डोंगल लावला, तर विंडोजला एका वेळी एकच रेडिओ चालतो. आतला अडॅप्टर डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा, नाहीतर हेडसेट आज जोडला जाईल, उद्या नाही.

आता ज्यासाठी तुम्ही विचारलंत तो दुसरा डोंगल. याच्या पोटात फ्लॅश मेमरी असते आणि त्यात फर्मवेअर कायमचं बसलेलं असतं. ते बदलायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं: जाब्रासाठी जाब्रा डायरेक्ट, पॉलीसाठी पॉली लेन्स. इथे नावांचा गोंधळ फार होतो. प्लँट्रॉनिक्सने २०१८ मध्ये पॉलिकॉम विकत घेतली, २०१९ मध्ये नाव पॉली झालं, २०२२ मध्ये पॉली एचपीकडे गेली. सेनहायझरचे ऑफिससाठीचे हेडसेट २०२० पासून ईपॉस या नावाने येऊ लागले. त्यामुळे हेडसेटवरचं जुनं नाव टाकून सॉफ्टवेअर शोधलं की 'ड्रायव्हर डाउनलोड' म्हणणाऱ्या भलत्याच साइट पुढे येतात. तिथून काहीही उतरवू नका. आज ती कंपनी ज्या नावाने चालते, तिच्याच सपोर्ट पानावर जा.

सगळ्यात जास्त घोटाळा कशाने होतो, तर अर्ध्या अपडेटने. फोनवरच्या ॲपमधून हेडसेट अपडेट होतो, डोंगल मात्र होत नाही; तो कॉम्प्युटरला लावूनच करावा लागतो. मग हेडसेट नवा आणि डोंगल दोन वर्षं जुना, अशी जोडी तयार होते. लक्षणं ठरलेली: आवाज येतो पण म्यूटचं बटण टीम्ससारख्या कॉलच्या ॲपला कळत नाही, कॉल उचलायचं बटण चालत नाही, हेडसेट चालू केल्यावर डोंगलला आपणहून जोडला जात नाही. हेडसेट आणि डोंगल ही एक जोडी समजा आणि दोन्ही एकाच बैठकीत अपडेट करा.

बैठक म्हणजे अर्धा तास मोकळा ठेवा. डोंगलला सहसा पाचदहा मिनिटं पुरतात, हेडसेटला जास्त लागतात, कारण त्यात बोलणाऱ्या सूचनांच्या भाषेची फाइलही असते. हेडसेट निम्म्याहून जास्त चार्ज असू द्या आणि शक्य असेल तर डोंगलवरून न करता केबलने जोडून अपडेट करा. हवेतून तीच फाइल फार सावकाश जाते आणि तुटण्याची भीती जास्त. केबल मात्र डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला हेडसेट दिसतच नाही.

लॅपटॉप चार्जरला लावा आणि झाकण मिटल्यावर किंवा काही मिनिटांनी तो झोपणार नाही असं बघा. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे भारनियमन असेल, तर यूपीएसशिवाय हे काम करू नका. टीम्स, झूम आणि कॉलची ब्राउझरमधली टॅब पूर्ण बंद करा. टीम्सची खिडकी बंद केली तरी ते खाली घड्याळाजवळ चालूच राहतं, तिथून 'क्विट' करा. डोंगल यूएसबी हबमधून, मॉनिटरच्या पोर्टमधून किंवा डॉकमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

मग जाब्रा डायरेक्ट उघडा. डोंगल आणि हेडसेट दोन्ही वेगवेगळे दिसले पाहिजेत. दोन्हींची आत्ताची आवृत्ती एका कागदावर लिहून ठेवा, पुढे सपोर्टला सांगायला तीच लागते. अपडेट्सच्या पानावर जाऊन डोंगलचं अपडेट सुरू करा.

आता एक क्षण येतो, आणि डोंगल खराब होतात ते बहुतेक याच क्षणी. अपडेट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विंडोज यूएसबी काढल्याचा आवाज करतं. डोंगलचा दिवा विझतो किंवा वेगळ्याच तालात लुकलुकू लागतो. साउंडच्या यादीतून डोंगलचं नाव गायब होतं. मग यूएसबी लावल्याचा आवाज येतो, पण नाव परत येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, डोंगल हलला किंवा बिघडला, आणि तो डोंगल उपसून परत खुपसतो. प्रत्यक्षात सगळं जसं व्हायला हवं तसंच होत असतं. फर्मवेअर बदलण्यासाठी डोंगल साउंड कार्डाचं सोंग उतरवून ठेवतो आणि फक्त फाइल घेणारं उपकरण म्हणून नव्याने कॉम्प्युटरसमोर येतो. याला डीएफयू मोड म्हणतात. फाइल घेऊन झाली, तपासून झाली की तो पुन्हा एकदा तुटतो आणि मूळ नावाने परततो. म्हणजे काढल्या-लावल्याचे आवाज दोनदा येणार. सॉफ्टवेअर 'पूर्ण' म्हणेपर्यंत डोंगलला हात लावायचा नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हेच काम अडतं तेही याच कारणाने. डीएफयू मोडमध्ये गेलेल्या डोंगलचा ओळख क्रमांक वेगळा असू शकतो. कंपनीच्या सुरक्षा नियमांत फक्त ठरावीक यूएसबी उपकरणांना परवानगी असेल, तर साउंड कार्ड चालतं आणि डीएफयूवालं अडवलं जातं. अपडेट काही टक्क्यांवर थांबून राहतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही तेच: डोंगल नव्या रूपात आला की तो मूळ मशीनकडे जातो आणि आतलं सॉफ्टवेअर वाट बघत बसतं. अशा वेळी घरच्या साध्या लॅपटॉपवर अपडेट करून डोंगल परत ऑफिसच्या मशीनला लावायला काहीच हरकत नाही, फर्मवेअर डोंगलमध्येच राहतं. अर्थात आयटी विभागाला विचारून. शेकडो हेडसेट असतील तिथे त्यांच्याकडे जाब्रा एक्सप्रेससारखं साधन असतं आणि आवृत्ती तेच ठरवतात.

अपडेट झाल्यावर डोंगल एकदा काढून लावा, हेडसेट बंद करून चालू करा. आपणहून जोडला गेला नाही तर सॉफ्टवेअरमधूनच नव्याने पेअर करा. टीम्समध्ये स्पीकर आणि माइक दोन्ही पुन्हा निवडा, कारण डोंगल मधल्या वेळात गायब असल्यामुळे ॲप लॅपटॉपच्या माइकवर गेलेलं असतं. मग टेस्ट कॉल करा, आणि त्यात म्यूटचं बटण दाबून बघायला विसरू नका.

आता फर्मवेअरने जे सुटणार नाही तेही सांगते, कारण बरेच जण त्याच आशेने अपडेट करतात. आवाज तुटतो ही तक्रार पुष्कळदा यूएसबी ३ मुळे असते. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो; इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. ब्लूटूथ नेमकं २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झवर बोलतं. डोंगलच्या शेजारी बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधी ती लांब करा. वीतभर ते हातभर लांबीची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर आणा. स्वस्तातला आणि खात्रीचा उपाय हाच.

दुसरी तक्रार: कॉल सुरू झाला की आवाज डबड्यातून आल्यासारखा होतो. साध्या डोंगलवर हेडसेटचा माइक उघडला की विंडोज गाण्यांचा मार्ग सोडून हँड्सफ्रीच्या मार्गावर जातं. तिथे सीव्हीएसडी नावाच्या कोडेकवर, म्हणजे आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीवर, दर सेकंदाला आवाजाचे ८ हजार नमुने मिळतात, एमएसबीसी या दुसऱ्या कोडेकवर १६ हजार. गाण्यांच्या मार्गावर ४४ हजारांच्या वर. ही क्लासिक ब्लूटूथची घडणच आहे. माइक लॅपटॉपचा ठेवा आणि हेडसेट नुसता ऐकायला वापरा, आवाज लगेच सुधारतो.

मग अपडेट करायचंच कशाला? एक म्हणजे सुरक्षा. २०१९ मध्ये नॉब नावाचा हल्ला उघड झाला. त्यात दोन उपकरणांमधलं बोलणं गुप्त ठेवणारी कूटकिल्ली इतकी छोटी करवून घेता येत होती की ती ओळखणं सोपं जावं. अशी भोकं फर्मवेअरमधूनच बुजतात. दुसरं म्हणजे टीम्स, झूम बदलत राहतात आणि बटणांची त्यांच्याशी जुळणी टिकवावी लागते. पण नवं फर्मवेअर आलं त्याच दिवशी धावत बसवू नका. महत्त्वाच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही. चार-सहा दिवस थांबा, बदलांची यादी वाचा, शनिवारी सकाळी करा.

आणि अर्धवट राहिलंच तर? घाबरून डोंगल फेकू नका. फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, सहसा फ्लॅशच्या वेगळ्या भागात असतो आणि अपडेट त्याला हात लावत नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, डोंगल दुसऱ्या पोर्टला लावा, सॉफ्टवेअर उघडून पाच मिनिटं थांबा. दिवा लागला नाही तरी बऱ्याचदा सॉफ्टवेअर त्याला ओळखतं आणि अपडेट नव्याने सुरू करायला सांगतं. नाही ओळखलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा बघा. तिथेही डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच उमटलं नाही, तर वॉरंटीचा दावा करा. हेडसेट मात्र मोडीत काढायची गरज नाही: त्याच मॉडेलचा सुटा डोंगल मिळतो, आणि सॉफ्टवेअरमधून हेडसेटशी पेअर केला की चालतो. हेडसेटला केबलने आवाज नेण्याची सोय असेल, तर तोवर केबल लावून कॉल घेता येतात.